पातेल्याच्या तळाचा पांढरा थर

दुपारची वामकुक्षी आटोपून आपण चहाचे आधण ठेवावे, तोच दारावरची घंटा वाजावी आणि गळ्यात ओळखपत्र अडकवलेल्या एखाद्या तरुणाने "काका, पाण्याची मोफत तपासणी करून देतो," असे म्हणत आत यावे, हा अनुभव तालुक्याच्या गावांतून आता नवा राहिलेला नाही. तो टेबलावर दोन पेले मांडतो. एकात आपल्या नळाचे पाणी, दुसऱ्यात त्याने बाटलीतून आणलेले. दोन्हींत धातूच्या कांड्या बुडवून तो विजेचे बटण दाबतो. त्याचे पाणी जसेच्या तसे नितळ राहते. आपले मात्र बघता बघता पिवळट, मग तपकिरी होते आणि वर शेवाळी रंगाचा साका तरंगू लागतो. मग तो स्वयंपाकघरातले पाणी तापवायचे पातेले मागतो, तळाचा पांढरा थर नखाने खरवडून दाखवतो आणि हळू आवाजात म्हणतो, "काकू, हेच तुमच्या किडनीत साचतंय." काकूंचा चेहरा उतरतो. निवृत्तिवेतनातून बाजूला ठेवलेले पंधरा-वीस हजार रुपये त्या संध्याकाळी कपाटातून बाहेर येतात.

वाचकहो, या प्रयोगाचे रहस्य पाण्यात नाही, कांड्यांत आहे. त्यांतली एक कांडी बहुधा लोखंडाची असते, दुसरी ॲल्युमिनियमची. क्षार असलेल्या पाण्यातून वीज सहज वाहते. ती वाहू लागली की लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचा गंज त्या पाण्याला रंग देतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जवळजवळ वाहतच नाही, म्हणून कांडी झिजत नाही आणि पाणी नितळ राहते. पुन्हा असा कोणी आलाच, तर त्याच्या त्या 'शुद्ध' पाण्यात स्वयंपाकाच्या मिठाची चिमूट टाकून बटण दाबायला सांगावे. तेही तितकेच तपकिरी होईल.

पातेल्यातला थर मात्र खरा आहे. त्याविषयी मनात आलेली शंकाही रास्त आहे, आणि तिचे उत्तर यंत्र विकणाऱ्याकडून न घेता शांतपणे समजून घ्यायला हवे. हा पांढरा थर मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे साध्या शब्दांत खडूचा असतो. आणि ज्या काकू तो पाहून घाबरल्या, त्यांच्याच औषधांच्या डब्यात, हाडांसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेल्या ज्या पांढऱ्या गोळ्या असतात, त्यांपैकी पुष्कळ गोळ्यांत हेच कॅल्शियम कार्बोनेट असते. ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम देणाऱ्या अशा एका गोळीत ते सव्वा ग्रॅम भरते.

नळ एक, पाणी दोन

महाराष्ट्राचा मोठा भाग काळ्या कातळावर वसलेला आहे. पावसाचे पाणी मुळात हलके असते. मातीतून झिरपताना ते कर्बवायू शोषून किंचित आम्लधर्मी होते आणि मग कातळाच्या भेगांतून हळूहळू उतरताना त्यातले कॅल्शियम व मॅग्नेशियम विरघळवून घेते. जितके खोल आणि जितका काळ ते खडकात मुरते, तितके ते जड होत जाते. म्हणूनच उघड्या आडाच्या पाण्यापेक्षा दोनशे-तीनशे फुटांवरच्या कूपनलिकेचे पाणी बहुधा अधिक जड लागते. कोकणात जांभ्यातून येणाऱ्या विहिरीच्या पाण्यात साबणाला भरभरून फेस येतो आणि घाटावर बदली होऊन आलेल्या गृहिणीला पहिल्याच आठवड्यात आपला साबण बिघडल्याची शंका येते, त्यामागचे कारण हेच. साबण या क्षारांशी संयोग पावून चोथा होतो. क्षार संपेपर्यंत फेस धरत नाही. शालेय पुस्तकांत अशा पाण्याला 'दुष्फेन' म्हटलेले आपल्याला आठवत असेल. बोलीतले 'जड पाणी' हेच.

लहान गावांत आणखी एक गोष्ट घडते, जी शहरात सहसा जाणवत नाही. पावसाळ्यानंतर काही महिने नळाला धरणाचे किंवा नदीचे पाणी येते. ते तुलनेने हलके असते. फेब्रुवारी-मार्च उलटला, धरणाचा साठा खालावला, की नगरपालिका त्यात कूपनलिकांचे पाणी मिसळू लागते; कधी टँकर येतो, कधी घरोघरच्या बोअरचे पाणी त्याच टाकीत सोडले जाते. नळ तोच राहतो, पाणी बदलते. आईला उन्हाळ्यातच अंगाला खाज का सुटते, डाळ उन्हाळ्यातच का शिजत नाही, चहा उन्हाळ्यातच बेचव का लागतो, याचा उलगडा पुष्कळदा या अदलाबदलीत सापडतो. त्यामुळे जानेवारीत कोणी मोजलेल्या आकड्यावरून मे महिन्याच्या पाण्याविषयी मत बनवू नये.

मोजमापाचे दोन आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत. भारतीय मानक ब्युरोच्या २०१२ च्या पेयजल-मानकानुसार लिटरमागे २०० मिलिग्रॅमपर्यंतचे एकूण काठिन्य इष्ट मानले आहे. दुसरा स्रोत उपलब्ध नसल्यास ते ६०० पर्यंत चालते. एवढी मोठी सवलत का दिली असावी? नायट्रेटसारख्या घटकाला तेच मानक एका मिलिग्रॅमचीही सूट देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही काठिन्यासाठी आरोग्यावर आधारलेली मर्यादा ठरवलेली नाही. जडपणा ही मुख्यतः चवीची, साबणाची आणि भांड्यांची अडचण आहे, असेच या दोन्ही गोष्टींतून सूचित होते.

मग मूतखडे?

हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो, म्हणून इथे थोडे थांबू. तर्क सोपा वाटतो: खडा कॅल्शियमचा, पाण्यात कॅल्शियम, म्हणजे पाण्यामुळे खडा. शरीर मात्र इतके सरळ चालत नाही. आपल्याकडचे बहुतेक मूतखडे कॅल्शियम ऑक्झलेटचे असतात. अन्नातले ऑक्झलेट आतड्यातच कॅल्शियमला भेटले तर दोन्ही बांधले जाऊन शौचावाटे निघून जातात. आहारात कॅल्शियम कमी पडले तर मोकळे राहिलेले ऑक्झलेट रक्तात शोषले जाते आणि मूत्रात उतरते. अमेरिकेत सुमारे ४५ हजार पुरुषांच्या आहाराचा एक अभ्यास १९९३ साली प्रसिद्ध झाला. आहारातून अधिक कॅल्शियम घेणाऱ्यांत मूतखड्यांचे प्रमाण कमी आढळले. अपेक्षा अगदी उलट होती. जड पाणी पिणाऱ्यांत खडे निश्चितपणे अधिक होतात असे काही सिद्ध झालेले नाही.

खड्यांविरुद्ध सर्वांत भक्कम पुरावा आहे तो भरपूर पाणी पिण्याचा. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या इटलीतल्या एका अभ्यासात, एकदा मूतखडा होऊन गेलेल्या १९९ रुग्णांचा पाच वर्षे मागोवा घेतला गेला होता. ज्यांना दिवसाकाठी दोन लिटर मूत्र होईल इतके पाणी प्यायला सांगितले होते, त्यांच्यापैकी सुमारे १२ टक्क्यांना पुन्हा खडा झाला. इतरांत हे प्रमाण २७ टक्के होते. जड पाण्याच्या भीतीने जो माणूस दिवसाला चार पेल्यांवर येतो, तो खड्याची शक्यता स्वतःच्या हाताने वाढवीत असतो.

ज्येष्ठांच्या बाबतीत हा धोका अधिक खोल आहे. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते. सत्तरीतल्या व्यक्तीला शरीरात पाणी कमी पडले तरी घसा कोरडा वाटेलच असे नाही. त्यात रात्री उठावे लागू नये म्हणून संध्याकाळनंतर पाणी टाळायचे, गुडघे दुखतात म्हणून माठापर्यंत जायचे टाळायचे, आणि वर पाणी मचूळ लागते. थोरल्याकडे पुण्याला चार महिने, धाकट्याकडे गावी चार महिने अशी ये-जा असली, की "इथलं पाणी मला बाधतं" हे वाक्य हमखास ऐकू येते. त्यात अगदीच तथ्य नसते असे नाही. सल्फेट आणि मॅग्नेशियम बरेच असलेल्या पाण्याने नवख्याचे पोट काही दिवस ढिले होऊ शकते. पुढे ते सरावते. पण पाणी न आवडल्यामुळे कमी प्यायले जाणे ही खरी हानी आहे. बद्धकोष्ठता, मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, उभे राहताना भोवळ, कधी एकाएकी आलेला गोंधळलेपणा, ज्याला घरातले लोक विसराळूपणा समजतात, या सर्वांमागे अपुरे पाणी असू शकते. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना डॉक्टरांनी पाण्याचे माप ठरवून दिले असेल तर ते काटेकोरपणे पाळावे. इतरांनी दर दोन तासांनी वडीलधाऱ्यांच्या हातात पेला द्यावा. 'पाणी हवं का?' असे विचारू नये, कारण उत्तर बहुधा 'नको' असेच येते.

चव सुधारण्याचा उपाय घरातच आहे. जडपणाचा एक भाग बायकार्बोनेटमुळे येतो आणि तो उकळल्याने कमी होतो: कर्बवायू निघून जातो, विरघळलेला क्षार खडूच्या रूपाने वेगळा होऊन तळाशी बसतो. म्हणजे पातेल्याला जो थर चिकटला, तो पाण्यातून निघून गेलेला भाग होय. रात्री पाणी उकळावे, झाकून निवू द्यावे, सकाळी तळ न हलवता वरचे पाणी स्वच्छ पातळ कापडातून माठात ओतावे. जंतूही मरतात, चवही हलकी होते. क्लोराइड आणि सल्फेटमुळे आलेला जडपणा मात्र उकळून जात नाही. बोअरचे पाणी उकळूनही खारटच लागत असेल तर तो हा दुसरा प्रकार समजावा. विदर्भातल्या पूर्णा नदीच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा, म्हणजे अकोला, अमरावती आणि बुलढाणा जिल्ह्यांतला भाग, हे याचे ठळक उदाहरण. तिथे भूजल मुळातच खारे आहे आणि उकळण्याने ते गोडे होत नाही.

सोड्याची चिमूट आणि मिठाचे पोते

जड पाण्याचा आरोग्याशी जो खरा संबंध येतो, तो पुष्कळदा पाण्यापेक्षा त्यावर केलेल्या उपायांतून येतो. तूरडाळीचेच पाहा. डाळीच्या दाण्यातले पेक्टिन कॅल्शियमशी घट्ट बांधले जाते, म्हणून जड पाण्यात डाळ कितीही शिट्ट्या दिल्या तरी टणक राहते. यावर आपल्या स्वयंपाकघराचे जुने उत्तर म्हणजे खायचा सोडा. चिमूटभर सोड्यात साधारण शंभर मिलिग्रॅम सोडियम असते आणि ते घरातल्या पाच माणसांत वाटले जाते. त्याची फारशी चिंता नको. पण पाणी जितके जड, तितकी चिमूट मोठी होत जाते. पुढे तिचा अर्धा चमचा होतो, तोही दोन्ही वेळा. सपाट चमचाभर सोड्यात सव्वा ग्रॅमच्या आसपास सोडियम असते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला दिवसभरात मिळून दोन ग्रॅमपेक्षा कमी सोडियम सुचवते. रक्तदाबासाठी ताटातले मीठ बंद केले आहे आणि वरणातून सोडियम येतेच आहे, अशी कितीतरी घरे असतील. डाळ आदल्या रात्री भिजत घालावी, शिजवायला उकळून निवळलेले पाणी घ्यावे आणि चिंच, कोकम, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घालावे, कारण आंबटपणानेही दाणा कडक राहतो. इतके केले की सोड्याची गरज फारशी उरत नाही.

दुसरा उपाय घराच्या गच्चीवर बसतो. पाणी हलके करणारे सॉफ्टनर यंत्र कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून घेते आणि त्याच्या बदल्यात पाण्यात सोडियम सोडते. म्हणून तर त्याला महिन्याकाठी मिठाचे पोते लागते. हिशेब सोपा आहे: लिटरमागे १०० मिलिग्रॅम काठिन्य घटले की ४६ मिलिग्रॅम सोडियम वाढते. ४०० काठिन्याचे पाणी पूर्ण हलके केले, तर दोन लिटर पिणाऱ्याच्या पोटात जवळजवळ एक ग्रॅम मीठ जादा जाते. निरोगी माणसाला ते जड जाणार नाही. हृदय नीट काम करीत नसल्याने पायांवर सूज येणाऱ्या, मिठाचा कण तोलून खाणाऱ्या रुग्णासाठी ते थोडे नाही. सॉफ्टनर बसवायचाच असेल तर स्नानगृहासाठी आणि धुण्याच्या यंत्रासाठी बसवावा. स्वयंपाकघरातला एक नळ मूळ पाण्याचा राखावा. प्लंबरला आधी सांगितले तर हे अगदी सोपे काम आहे. नंतर भिंती फोडाव्या लागतात.

आणि आरओ? ज्या गावच्या पाण्यात विरघळलेले एकूण घनपदार्थ लिटरमागे हजाराच्या वर आहेत, जिथे फ्लोराइड किंवा नायट्रेट अधिक आहे, तिथे हे यंत्र उपकारक आहे, यात वाद नाही. पण धरणाच्या तीनशेच्या पाण्याला ते लावून तीसवर आणणे म्हणजे पैसा आणि पाणी दोन्ही वाया घालवणे. लिटरभर पाणी मिळवायला ही घरगुती यंत्रे साधारण दोन-तीन लिटर पाणी सोडून देतात, आणि तेही चार दिवसांआड नळ येणाऱ्या गावात. घनपदार्थ ५०० पेक्षा कमी असतील तिथे आरओच्या वापरावर बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ साली म्हटले होते, ते याच कारणाने. शिवाय जाते ते केवळ नकोसेच नव्हे. ३०० काठिन्याच्या पाण्यात निम्मा वाटा कॅल्शियमचा धरला तर लिटरमागे ६० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळते, म्हणजे दोन लिटरमागे १२०. प्रौढाला दिवसाला लागणाऱ्या एक हजार मिलिग्रॅमचा तो आठवा हिस्सा होतो. दूध, ताक, नाचणी, तीळ आहारात असतील तर एवढ्या तुटीने बिघडत नाही. पण दात नाहीत म्हणून भाकरी सुटली, कफ होतो म्हणून दूध सुटले, अशा आजींच्या बाबतीत तो हिस्सा सोडून देण्यासारखा नाही. आरओ घरात असेलच, तर त्यांच्या ताटात पेजेसारखी पातळ नाचणीची आंबील आणावी.

पाण्याच्या क्षारांचा खरोखर विचार करावा लागतो तो एका गोळीच्या बाबतीत. हाडांच्या ठिसूळपणावर आठवड्यातून एकदा घ्यावयाची ॲलेन्ड्रोनेट ही गोळी मुळातच फार अल्प प्रमाणात शोषली जाते आणि कॅल्शियम भेटले की तेवढीही वाया जाते. म्हणून ती उपाशीपोटी पेलाभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची असते. चहा, दूध किंवा खनिजयुक्त पाण्याबरोबर नव्हे. आपले पाणी फार जड असेल तर त्या एका पेल्यापुरते उकळून निवळलेले किंवा आरओचे पाणी ठेवावे. त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये आणि काही खाऊ नये, हा नियम तर आहेच. थायरॉईडच्या गोळीसाठी इतके सोवळे नको, कारण पेलाभर पाण्यात दहा-पंधरा मिलिग्रॅमच कॅल्शियम असते. मात्र कॅल्शियमची गोळी आणि थायरॉईडची गोळी यांत चार तासांचे अंतर हवे. दोन्ही सकाळी एकदम घेणारे कितीतरी ज्येष्ठ आहेत.

कातडी, फरशी, बाटली

उतारवयात त्वचा मुळातच कोरडी होते. जड पाण्यात साबण नीट धुतला जात नाही. त्याचा चोथा अंगावर राहतो आणि खाज सुटते. इथेही सगळा दोष पाण्यावर टाकू नये. ब्रिटनमध्ये इसब असलेल्या ३३६ मुलांच्या घरी जो प्रयोग झाला आणि २०११ साली प्रसिद्ध झाला, त्यात नुसते सॉफ्टनर बसवून इसब बरा होण्यात फरक पडला नाही. साबण कमी करणे अधिक उपयोगी ठरते. काख, जांघा, पावले एवढ्यालाच साबण लावावा, पाणी कोमट असावे, आणि अंग टिपून ओलसर असतानाच खोबरेल तेल चोळावे.

न्हाणीघराच्या फरशीवर क्षार आणि साबण यांचा जो धूसर पापुद्रा जमतो, तो ओला झाला की घसरडा होतो. वृद्धांच्या पडण्याची निमित्ते शोधताना आपण चपला पाहतो, दिवे पाहतो. हा पापुद्रा राहून जातो. आठवड्यातून एकदा व्हिनेगर किंवा लिंबूसत्वाच्या पाण्याने फरशी घासून भरपूर पाण्याने धुवावी. संडास धुण्याचे आम्ल आणि ब्लीचिंग पावडर मात्र कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा क्लोरीन वायू बंद न्हाणीघरात दम्याच्या रुग्णाचाच काय, धडधाकट माणसाचाही श्वास कोंडतो. पाणी तापवायच्या रॉडवर क्षारांचे जाड पुटके चढले असेल तर तो बदलावा.

घरात प्राणवायूचे यंत्र असेल तर त्याला जोडलेल्या दमटपणाच्या बाटलीत नळाचे पाणी घालू नये. डिस्टिल्ड पाणी, ते नसल्यास उकळून थंड केलेले पाणी रोज बदलून भरावे. नेती करणाऱ्यांनीही उकळून कोमट केलेलेच पाणी वापरावे.

जे दिसत नाही ते

पांढरा थर दिसतो, म्हणून त्याची भीती वाटते. ज्यांची वाटायला हवी ते तिघे दिसत नाहीत, वासाला येत नाहीत आणि त्या घनपदार्थ मोजणाऱ्या लेखणीएवढ्या यंत्रातही उमटत नाहीत. ते यंत्र पाण्यातून वीज किती वाहते यावरून अंदाज बांधते; कॉलऱ्याचा जंतू असलेल्या पाण्याचा आकडाही ते शंभर दाखवील.

पहिले जंतू. चार दिवसांआड येणारे पाणी आपण हौदात, पिंपात, कळशीत साठवतो आणि बिघाड बहुधा तिथेच होतो. नळाच्या तोंडाशी लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावा असे मानक सांगते. नळाच्या पाण्याला येणारा तो उग्र वास ही तक्रारीची गोष्ट नाही. काही तास ठेवले की तो जातो. तुरटी आणि निवळीच्या बियांनी गढूळपणा बसतो, जंतू पुरते मरत नाहीत आणि जडपणाही कमी होत नाही. पिण्याचे पाणी एक मिनिट खळखळून उकळावे, तोंड अरुंद असलेल्या किंवा तोटीच्या भांड्यात ठेवावे, आणि काढायला लांब दांड्याचे ओगराळे वापरावे. पेला बुडवून पाणी घेण्याची सवय मोडणे हे घरातल्या सुनेला अवघड जाते, कारण पेला बुडवणारे हात सासऱ्यांचे असतात. तोटीचा माठ आणला की काही बोलावे लागत नाही. हौद आठवड्यातून एक दिवस कोरडा करावा, डासांसाठीही.

दुसरे नायट्रेट. शेतातले खत, शोषखड्डे आणि गुरांच्या गोठ्यांचे झिरपणे यांतून ते बोअरमध्ये उतरते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. बाळंतपणाला मुलगी माहेरी आली आहे आणि बाळाला वरचे दूध द्यावे लागते आहे, अशा वेळी आजीने ही गोष्ट आवर्जून लक्षात ठेवावी. सहा महिन्यांच्या आतील बाळाचे रक्त अधिक नायट्रेटने प्राणवायू वाहून नेण्यास असमर्थ होते, ओठ-नखे निळी पडतात. उकळल्याने नायट्रेट जात नाही. पाणी आटल्याने ते उलट दाट होते. तिसरे फ्लोराइड, तेही उकळून जात नाही. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या काही भागांत भूजलात ते मर्यादेहून अधिक आढळते. लिटरमागे १ मिलिग्रॅम इष्ट, १.५ ही शेवटची सीमा. वर्षानुवर्षे अधिक फ्लोराइड प्यायल्याने सांधे आणि पाठीचा कणा आखडतो आणि घरातले लोक त्याला संधिवात समजून चालतात.

वीस लिटरचा थंड पाण्याचा जार हा या सर्वांवरचा सोपा तोडगा वाटतो. पुष्कळ गावांत हे जार सीलबंद नसतात, त्यांवर मानक ब्युरोची मुद्रा नसते, आणि ते कुठल्या बोअरवरून भरले हे देणाऱ्यालाही सांगता येत नाही. शिवाय तो वीस किलोंचा भार उचलून पालथा करायचा कोणी? दुपारी घरात दोघेच असतात.

तेव्हा पाणी एकदा तपासून घ्यावे. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. त्या नाममात्र शुल्कात तपासणी करून देतात. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा कॅन त्याच पाण्याने दोन-तीनदा विसळून दोन लिटर भरावा. जंतुतपासणीची निर्जंतुक बाटली मात्र प्रयोगशाळेतूनच आणावी, झाकणाच्या आतल्या बाजूला बोट लागू देऊ नये, आणि ती बर्फात ठेवून शक्यतो त्याच दिवशी पोहोचवावी. एक नमुना ऑक्टोबरनंतर आणि एक मे महिन्यात दिला, तर आपल्या नळाची दोन्ही रूपे कळतात. नमुना देताना पाणी नळाचे, बोअरचे की मिसळलेले, हे बाटलीवर लिहावे.

अहवाल हाती आला की नजर सवयीने एकूण काठिन्याच्या रकान्याकडे जाईल. तो शेवटी पाहावा. प्रथम जंतूंचा निष्कर्ष वाचावा, मग नायट्रेट, मग फ्लोराइड. त्यांत दोष निघाला तर नगरपालिकेच्या पाणीपुरवठा विभागाला लेखी कळवून अर्जाची पोच घ्यावी. ते तिन्ही रकाने स्वच्छ असतील आणि काठिन्य साडेतीनशे-चारशे निघाले, तर पातेले लिंबूसत्वाने घासून पुन्हा चुलीवर ठेवावे आणि निवलेल्या पाण्याचा एक पेला आधी बाबांना नेऊन द्यावा.